विजेरी नवी घ्यावी कीं तिचें भिंग बदलावें?



ज्या शहरांत रस्त्यांवरचे दिवे रात्रभर जळतात, तेथील माणसास हातांतल्या दिव्याची काय गरज, असें कोणी विचारील. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या बाजूस राहणाऱ्या कुटुंबांस हा प्रश्न पडणार नाहीं. ता. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या अतिवृष्टींत सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उपनगरांत घराघरांत पाणी शिरलें, वीज बंद ठेवावी लागली, आणि असंख्य कुटुंबांनीं ती रात्र अंधारांत काढली. ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं तर महापुराचें निमित्तही नव्हतें. सकाळीं एकाएकीं मुंबईची वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या, आणि कांहीं भागांत वीज परत येण्यास बरेच तास लागले.

याखेरीज आपल्या उपनगरांस एक अरण्य लागून आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें असून त्याची एक बाजू बोरिवलीकडे तर दुसरी मुलुंडकडे आहे. गोरेगांवची आरे वसाहत त्यास जोडलेली आहे. तेथें बिबट्या वावरतो. सन २००४ मध्यें उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हांपासून वनखात्याचा उपदेश असा कीं, रात्रीं मुलांस एकटें पाठवूं नये, आणि बाहेर पडणें भागच पडलें तर हातीं विजेरी असावी. म्हणून विजेरी ही आपल्याकडे चैनीची वस्तु नसून घरांतील दोरी, कुलूप व औषधाची पेटी यांच्या पंक्तीस बसणारी वस्तु आहे.

आतां प्रश्न असा येतो: घरांतली मोठी विजेरी पूर्वींसारखी उजेड देत नाहीं. नवी एल्. ई. डी. ची विजेरी घ्यावी, कीं आहे तिचीच लेन्स बदलून काम भागवावें? दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरेंच सांगतो. शाळेंत शिकलेल्या प्रकाशशास्त्राचा येथें उपयोग करून पाहूं.

१. एका शब्दाचे दोन अर्थ

बाजारांत "लेन्स" हा शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंस लावतात, आणि निम्मा घोटाळा त्यांतूनच होतो. विजेरीच्या तोंडाशीं जी सपाट, पारदर्शक चकती असते ती खरोखर भिंग नव्हेच. ती केवळ काच आहे. धूळपाणी आंत जाऊं न देणें एवढेंच तिचें काम. प्रकाश एकवटण्याचें काम तिच्यामागचा वाटीसारखा चकचकीत अंतर्वक्र आरसा करतो. दुसऱ्या जातीच्या विजेरींत मात्र आरसा नसून पुढें जाड बहिर्गोल भिंग असतें, आणि तें पुढेंमागें सरकवितां येतें. तिसऱ्या जातींत प्लॅस्टिकचें एक घन भिंग असतें. त्याच्या कडांशीं प्रकाशाचें पूर्ण आंतरिक परावर्तन होतें, म्हणून तें भिंगाचें व आरशाचें अशीं दोन्ही कामें करतें. तेव्हां "लेन्स बदला" असें कोणी म्हटल्यास पहिला प्रश्न विचारावा: काच कीं भिंग?

२. प्रकाश किती, आणि कोठें?

विजेरीच्या खोक्यावर दोन आंकडे पाहावे. पहिला ल्युमेन, त्यानें विजेरींतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश मोजतात. दुसरा कँडेला, त्यानें झोताच्या मध्यभागींची तीव्रता मोजतात. बागेंतील नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला असतां पाणी दूर जातें; तेथें पाणी वाढलेलें नसतें, फक्त त्याची वाट अरुंद झालेली असते. भिंगाचें व आरशाचें काम त्या अंगठ्याचें आहे. भिंग प्रकाश उत्पन्न करीत नाहीं. असलेला प्रकाश कोठें पाठवावयाचा हें तें ठरवितें. हें एक वाक्य ध्यानांत ठेविलें तर पुढचा सारा विचार सोपा होईल.

खोक्यावर पल्लाही मीटरांत छापलेला असतो. सन २००९ मध्यें अमेरिकेंत विजेऱ्यांसाठीं एक मानक ठरलें. त्याप्रमाणें ज्या अंतरावर झोताचा प्रकाश ०.२५ लक्स, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका, उरतो तें अंतर म्हणजे पल्ला. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत कमी होतो हें तुम्हांस ठाऊक आहे. म्हणून तीव्रतेस ०.२५ नें भागून वर्गमूळ काढावें. अथवा सोपें करून सांगावयाचें तर, कँडेलाच्या वर्गमूळाची दुप्पट केली कीं पल्ला निघतो. दहा हजार कँडेलाच्या विजेरीचा पल्ला २०० मीटर. वर्गमूळामुळें एक महत्त्वाची गोष्ट घडते: पल्ला दुप्पट करावयाचा तर तीव्रता चौपट करावी लागते. शिवाय चांदण्यांत सावली दिसते, पण तेथें कुत्रा आहे कीं बिबट्या हें ओळखूं येत नाहीं. म्हणून उपयोगाचा पल्ला छापील पल्ल्याच्या निम्म्याहून कमीच धरावा.

३. काच बदलल्यानें काय मिळतें?

प्रकाश हवेंतून काचेंत शिरतांना सुमारें शेंकडा ४ भाग परत फिरतो, आणि काचेंतून बाहेर पडतांना पुन्हां तितकाच. म्हणजे साध्या स्वच्छ काचेंतून शंभरांतील सुमारें ९२ भाग बाहेर येतात. छायाचित्रणाच्या भिंगांवर असतो तसा परावर्तनरोधक लेप असलेली चांगली काच बसविली तर ९८ भाग येतील असें धरूं. ९२ चे ९८ झाले, म्हणजे वाढ शेंकडा साडेसहाच्या सुमारास. आतां वरील नियम लावा. दहा हजार कँडेलाचे साधारण १०,६५० होतील, आणि पल्ला २०० मीटरांवरून २०६ मीटरांवर जाईल. हे सहा मीटर कोणाच्याही डोळ्यांस जाणवणार नाहींत. प्रकाश दुप्पट होईल असें जो सांगतो त्यास नम्रपणें विचारावें कीं, जी वस्तु मुळांत शंभरांतील आठच भाग अडवीत होती ती काढून टाकल्यानें शंभराचे दोनशें कसे होतील?

परंतु जुनी काच ओरखड्यांनीं आंधळी झाली असेल, प्लॅस्टिक पिवळें पडलें असेल, अथवा चीर पडून आंत दमटपणा जात असेल, तर ती बदलणें हेंच खरें शहाणपण होय. अशा वेळीं लाभ शेंकडा सहाचा नसून कितीतरी अधिक असतो, आणि खर्चही अल्प येतो. मात्र पुढील गोष्टी पाळाव्या.

पहिली: जुन्या काचेचा व्यास व जाडी शाळेंतील व्हर्निअर कॅलिपरनें मोजावी. काच जाड झाली तर पुढचें कडें पुरतें फिरत नाहीं, पातळ झाली तर रबराचें वाटोळें कडें घट्ट दाबलें जात नाहीं. दोन्ही प्रकारीं पहिल्याच पावसांत पाणी आंत जातें. दुसरी: लहान तोंडाच्या विजेरीस घड्याळजीकडे मिळणारी मनगटी घड्याळाची सपाट काच पुष्कळदां चालते. खिडकीच्या काचेंतून कापलेली चकती मात्र पडतांच तिचे धारदार तुकडे होतात. म्हणून कडक केलेली काच, किंवा मुलांच्या हातीं द्यावयाची असल्यास पॉलिकार्बोनेटची चकती घ्यावी. पॉलिकार्बोनेट फुटत नाहीं, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात. तिसरी: काच काढल्यावर आंतल्या आरशास बोट किंवा फडकें लावूं नये. त्यावरील ॲल्युमिनियमचा थर अत्यंत पातळ असतो. एकदां तो पुसला गेला कीं नव्या काचेनें झालेल्या लाभाहून मोठी हानि होते.

४. भिंग बदलल्यानें काय मिळतें?

भिंगाचें सामर्थ्य मोठें आहे, हें निःसंशय. सन १८२३ मध्यें फ्रान्समधील कोर्दुआँच्या दीपगृहांत फ्रेनेल यानें आपलें पायऱ्यापायऱ्यांचें भिंग बसविलें आणि दीपगृहांचा काळच पालटला. पुढें आपल्या किनाऱ्यावरील दीपगृहांतही तीच युक्ति आली. परंतु दीपगृहाचें भिंग माणसाच्या उंचीएवढेंही असूं शकतें, हें विसरूं नये. पांढऱ्या एल्. ई. डी. चा प्रकाश देणारा भाग अवघा एकदोन मिलिमीटरांचा असतो. झोतांत उभें राहून दुरून पाहिलें असतां भिंगाचें सारें तोंड त्या ठिपक्याइतकेंच तेजस्वी दिसतें, त्याहून अधिक कधींही नाहीं. यावरून असें निघतें कीं झोताची तीव्रता मुख्यत्वें दोन गोष्टींवर अवलंबून आहे: ठिपका किती तेजस्वी, आणि विजेरीचें तोंड किती मोठें. तोंडाचा व्यास दुप्पट तर क्षेत्रफळ चौपट, तीव्रता चौपट, पल्ला दुप्पट. दूरवर झोत टाकणाऱ्या विजेऱ्यांचें डोकें मोठें असतें तें याचमुळें. त्याच मापाच्या तोंडांत दुसरें भिंग बसविलें तर फार मोठा लाभ होणार नाहीं, हेंही यांतूनच कळतें.

आरसा काढून तेथें बहिर्गोल भिंग बसविण्याची हौस कांहींजण करतात. त्यानें झोत रेखीव होतो. पण आरशाच्या विजेरींत मधल्या झोताभोंवतीं जो मंद उजेड पसरतो तो नाहींसा होतो, आणि नाभीवर आणलेल्या भिंगांत न शिरणारा बराचसा प्रकाश बाजूच्या भिंतींस आपटून वायां जातो. सरकत्या भिंगाची विजेरी भिंतीकडे धरून झोत अगदीं लहान करा. भिंतीवर चौकोनी ठिपका उमटेल. ती एल्. ई. डी. च्या तुकड्याचीच मोठी झालेली प्रतिमा होय. आतां रात्रीं आरेच्या पायवाटेवर असा ठिपका शंभर मीटरांवर पडला आहे आणि पायांखालीं काळोख आहे, अशी कल्पना करा. मण्यार रात्रींच हिंडतो, आणि तो शंभर मीटरांवर नव्हे, पावलाशीं असतो. पायवाटेनें जाणाऱ्यास समोरचे दहा पंधरा मीटर आणि दोन्ही बाजूंची झुडपें दिसलीं पाहिजेत. तेथें पसरट उजेडच जीव वांचवितो. दाट पावसांत तर अरुंद प्रखर झोत थेंबांवरून परतून डोळेच दिपवितो. तेव्हां पसरट उजेड कमरेच्या खालीं धरून चालावें.

भिंगाच्या विजेरीविषयीं आणखी एक सूचना. तें बहिर्गोल भिंग आहे, म्हणून सूर्याचा प्रकाशही तें एकवटतें. अशी विजेरी खिडकींत उन्हांत उघडी ठेवल्यास आंतली एल्. ई. डी. जळूं शकते.

५. जुन्या पितळी विजेरीचें काय?

कित्येक घरांत आजोबांच्या वेळची पितळी विजेरी अजून आहे. तिच्यांतील तारेच्या दिव्याचा प्रकाश दहापंधरा ल्युमेनच असे. तशा विजेऱ्यांत बसणारे एल्. ई. डी. चे दिवे मिळतात, आणि त्यांनीं प्रकाश खरोखरच वाढतो. परंतु आरसा जुन्या तारेच्या जागेस जुळविलेला असतो. नवा ठिपका नाभीपासून किंचित् पुढेंमागें झाला कीं झोताच्या मध्यें काळें वर्तुळ पडतें. पुढचें कडें थोडेंथोडें फिरवून झोत जुळतो का तें पाहावें. जुळला तर ती विजेरी आणखी एका पिढीस पुरेल.

६. नवी घेतांना

लोहार चाळींत, लॅमिंग्टन रोडला किंवा स्टेशनाबाहेर, कोठेंही घ्या. पण आंकड्यांस भुलूं नका. एखाद्या स्वस्त विजेरीवर "५०,००० ल्युमेन" असें छापलेलें आढळतें. हिशेब करून पाहूं. एल्. ई. डी. एका वॅटांत सुमारें शंभर ल्युमेन देते असें धरलें तर पन्नास हजारांस ५०० वॅट लागतील. १८६५० या मापाच्या एका चांगल्या लिथियम सेलांत सुमारें साडेबारा वॅट-तास शक्ति असते. म्हणजे सेल दीड मिनिटांत रिता होईल. आणि खरें पाहतां, तेवढी शक्ति एकदम देणेंच त्यास शक्य नाहीं. पांचवीच्या भागाकारानें ज्या थापेचें पितळ उघडें पडतें तिला बळी पडणें सुशिक्षित कुटुंबास शोभत नाहीं.

खोक्यावर छापलेली वेळही नीट समजून घ्यावी. वरील मानकाप्रमाणें विजेरीचा प्रकाश आरंभींच्या एकदशांशावर येईपर्यंतचा सारा काळ त्या वेळेंत धरतात. "सहा तास" म्हणजे सहा तास तोच उजेड, असा अर्थ नव्हे. पुष्कळ विजेऱ्यांचा सर्वांत प्रखर प्रकाश उष्णतेमुळें कांहीं मिनिटांतच उतरतो. घरासाठीं प्रखर उजेडापेक्षां मध्यम उजेड किती तास टिकतो हें पाहावें.

पाण्याविषयींचें चिन्हही पाहावें. आय. पी. एक्स. ४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारी, आय. पी. एक्स. ७ म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास तगणारी. आपल्या पावसास दुसरी बरी.

सेलांचा विचार शेवटीं आला तरी तो सर्वांत महत्त्वाचा. कोरडे सेल वाण्याकडेही मिळतात व बरेच दिवस टिकतात, पण विजेरींत विसरून राहिल्यास गळून आंतील धातु खातात. म्हणून ते काढून जवळच ठेवावे. भारित करावयाची विजेरी महिन्यांतून एकदां भारित करून ठेवावी. ज्या रात्रीं वीज जाईल त्या रात्रीं ती भारित करतां येत नाहीं. लिथियम सेल विश्वासू दुकानांतूनच घ्यावे. १८६५० मापाच्या चांगल्या सेलाची क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. त्याच मापावर "९,९००" छापलेलें दिसलें तर तो सेल हातांतही घेऊं नये.

आतां निवड. जिन्यासाठीं, आजारी माणसाच्या उशाशीं ठेवण्यासाठीं, तुंबलेल्या पाण्यांतून चालण्यासाठीं पसरट उजेडाची साधी विजेरी घ्यावी. सोसायटीच्या रखवालदारास अथवा डोंगरउतारावरील वस्तीस दूरचें पाहावें लागतें; तेथें मोठ्या डोक्याची, आरशाची विजेरी योग्य, कारण ती दूर झोत टाकते आणि जवळही थोडा उजेड देते. मात्र एक गोष्ट कोणत्याच विजेरीस साधत नाहीं: गढूळ पाण्याखालचें ती दाखवूं शकत नाहीं. ता. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसांत मध्य मुंबईंत एक नामांकित डॉक्टर पाण्याखालीं उघड्या राहिलेल्या गटाराच्या तोंडांत पडून मृत्यु पावले. तुंबलेल्या रस्त्यावर एका हातांत विजेरी असली तरी दुसऱ्या हातांत काठी हवीच, आणि शक्य तर त्या पाण्यांत उतरूंच नये.

७. घरीं करून पाहण्याचा प्रयोग

ऐकीव गोष्टींवर न जातां स्वतः मोजा. पांढऱ्या कागदाच्या मध्यभागीं खोबरेल तेलाचा एक थेंब टाका आणि कागद पुठ्ठ्याच्या चौकटींत उभा करा. जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेन याचा हा तेलाच्या डागाचा प्रकाशमापक होय. अंधाऱ्या लांब व्हरांड्यांत दोन विजेऱ्या समोरासमोर ठेवा व त्यांच्यामध्यें कागद धरून पुढेंमागें सरकवा. एका ठिकाणीं डाग जवळजवळ दिसेनासा होईल. तेथें दोन्ही बाजूंचा प्रकाश समान आहे. त्या जागेपासून एक विजेरी ३ मीटर व दुसरी २ मीटर असेल तर त्यांच्या तीव्रतेचें प्रमाण ९ : ४.

आतां पहिल्या विजेरीची काच बदलून, दुसरी विजेरी व कागद जागचे न हलवितां, पुन्हां पाहा. काच लेपाची असेल तर पहिली विजेरी सुमारें दहा सेंटिमीटर मागें न्यावी लागेल. जो फरक डोळ्यांस दिसत नाहीं तो फुटपट्टीस दिसतो. मग घरांतील मंडळींस तो आंकडा दाखवा, आणि त्या दहा सेंटिमीटरांसाठीं पैसे खर्चावे कीं नाहीं हें सर्वांनीं मिळून ठरवा.

तात्पर्य, काच खराब असेल तर काच बदला. झोत दूर न्यावयाचा असेल तर मोठ्या तोंडाची विजेरी घ्या. आणि विजेरी सुस्थितींत असेल तर तिला हात न लावतां तेच पैसे चांगल्या सेलांवर खर्च करा. विकत घेण्यापूर्वीं "हिचा उजेड किती?" असें विचारण्याऐवजीं "मला उजेड कोठें हवा?" असें जो स्वतःस विचारतो, तो सहसा फसत नाहीं.

स्वाध्याय

(१) एका विजेरीची तीव्रता २२,५०० कँडेला आहे. तिचा पल्ला काढा.

(२) खोक्यावर ४०० मीटर पल्ला छापला आहे. तीव्रता किती असली पाहिजे?

(३) दोन विजेऱ्यांत एकसारखी एल्. ई. डी. आहे; एकीच्या तोंडाचा व्यास ३० मिलिमीटर, दुसरीचा ६० मिलिमीटर. त्यांच्या तीव्रतेचें व पल्ल्याचें प्रमाण काढा.

(४) आपल्या घरांतील विजेरी आज रात्रीं पेटते का? पेटत नसल्यास कारण शोधून वहींत लिहा.

पहिल्या तिहींचीं उत्तरें पालकांनीं तपासावीं. चौथ्याचें उत्तर घरांतील सर्वांनीं मिळून, पहिला पाऊस येण्यापूर्वीं, लिहावें.